नऊ पोरांचा पाठ

गुरुबसप्पा हलगरे यांनी एकूण त्रेसष्ट शिक्षकांचे पाठ तपासले. त्यातले बासष्ट पास झाले. राहिलेल्या एकीबद्दल ते आपणहून बोलत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि दर वेळी तेवढंच सांगतात.

हलगरे लातूर जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी होते. वडिलांचं उदगीरला भुसाराचं दुकान होतं. मुलानं गल्ल्यावर बसावं अशी त्यांची इच्छा. मुलगा मास्तर झाला आणि पुढं मास्तरांचा साहेब. कपाळावर भस्म, खांद्याला फायलींची पिशवी आणि मोजकं बोलणं. त्यांची बायको लक्ष्मम्मा शेजारणींना सांगायची, "भाजी कशी झाली विचारलं तर हे 'समाधानकारक' म्हणतेत."

१९८२ साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. फायली वाटल्या गेल्या, टेबलं वाटली गेली, शिक्षकही वाटले गेले. त्यांत डी.एड. न झालेले, तात्पुरत्या हुकुमावर वाड्यावस्त्यांवर शिकवणारे बरेच होते. त्यांचं काय करायचं हा प्रश्न तीन वर्षं रेंगाळला. शेवटी ठरलं की पाच वर्षं शिकवलेल्यांनी कॉलेजात जायची गरज नाही. अधिकाऱ्यानं त्यांच्या शाळेत जाऊन पाठ पाहावा आणि पन्नासपैकी पंचवीस गुण पडले तर प्रशिक्षित असल्याचा दाखला द्यावा. दाखला मिळाला की नोकरी कायम. मार्चअखेरपर्यंत मिळाला नाही तर नेमणूक संपली.

अट एक होती. पाठाला शाळेच्या पटावरची किमान पंधरा मुलं हजर हवीत.

ते १९८६ साल होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माणसं रोजगार हमीच्या खडीवर, नाहीतर उसाच्या फडावर गेली होती आणि जाताना पोरं घेऊन गेली होती. पंधरा पोरं जमवणं हीच मोठी परीक्षा होऊन बसली. मग शिक्षक शेजारच्या वाडीवरून पोरं उसनी आणू लागले. कुणी बैलगाडीत घालून आणली, कुणी सायकलीवर दोन खेपा केल्या. हलगऱ्यांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. पण त्यांचं काम डोकी मोजायचं होतं. हजर मुलांची नावं शिक्षकानं स्वतः लिहून खाली सही करायची होती. ते मोजत, शिक्षक लिहीत, दाखला निघे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते औसा तालुक्यात होते. सकाळी एका वाडीवर रेवणसिद्ध नावाच्या शिक्षकाचा पाठ झाला. मुलं एकवीस, गुण एकोणतीस. दुपारी दीड मैल चालत ते पुढच्या वाडीवर गेले. तिथं सिंधु पवळे शिकवत होत्या. माहेर नांदेड जिल्ह्यात भोकरकडचं, लग्न होऊन इकडं आलेल्या, मॅट्रिक पास, शाळेवर सहा वर्षं. खोलीत बावीस मुलं होती.

पाठ अपूर्णांकांचा होता. सिंधुबाईंनी चऱ्हाट आणलं, दोघांना टोकं धरायला लावली आणि तिसऱ्याला म्हणाल्या, बरोबर मधी धर. त्यानं चुकीच्या जागी धरलं. बाईंनी दोन्ही बाजू सारख्या हायेत का, एवढंच वर्गाला विचारलं. पोरांनी चऱ्हाट दुमडलं, चूक त्यांची त्यांनीच काढली, मग पुन्हा दुमडून चार भाग केले. हलगऱ्यांनी एक्केचाळीस गुण मांडले. त्रेसष्टांत सगळ्यात जास्त.

पुढच्या रांगेतली एक मुलगी त्यांनी सकाळीही पाहिली होती. तिला त्यांनी नाव विचारलं. केवळा. सकाळी कुठं होतीस, असं विचारलं.

"रेवणसरांकडं," ती म्हणाली. "तिथं सकाळच्याला सुकडी वाटतेत, हितं दुपारच्याला."

मुलं हसली. तिला कुणी आणलेलं नव्हतं. सुकडीच्या खाऊसाठी ती आपल्या पायानं दोन्ही शाळा करत होती आणि तिच्यासारखी आणखीही होती.

हलगऱ्यांनी हजेरीचा तक्ता सिंधुबाईंपुढं सरकवला. बाईंनी नावं लिहिली. नऊ. पेन खाली ठेवलं.

"बाई, डोकी मोजा," हलगरे म्हणाले.

"डोकी बावीस हायेत साहेब. माझी नऊ."

"मी विचारत न्हाई कुणाची हायेत."

"तुम्ही न्हाई विचारत. सही माझी हाय."

 तेवढ्यात सुकडीचं पातेलं आलं आणि पोरं उठली. बाईंनी तक्ता परत घेतला नाही. हलगऱ्यांनी हजेरीपुढं नऊ लिहिलं, शेऱ्यात 'अपूर्ण' लिहिलं, सही केली आणि सडकेला लागून औशाची एसटी धरली. घरी जेवले. लक्ष्मम्मांनी भाजीचं विचारलं नाही.

एक एप्रिलला सिंधुबाईंची नेमणूक संपली. महिन्याभरात त्या नवऱ्याबरोबर, शेषेरावांबरोबर, माहेरी निघून गेल्या. हलगऱ्यांनी फेरतपासणीची परवानगी मागणारं पत्र वर पाठवलं. का पाठवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आणखी तीन स्मरणपत्रं गेली. मंजुरी आठ महिन्यांनी आली, डिसेंबरात. पाठ मूळ शाळेवरच व्हावा, मुलं किमान पंधरा.

एका रविवारी ते लातूरहून नांदेडला आणि तिथून भोकरला गेले. सिंधुबाई सरकी काढायच्या कारखान्यावर जात होत्या. केसांत कालच्या कापसाचे तंतू तसेच होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"शाळंवर आता किती पोरं हायेत?" त्यांनी विचारलं.

"पटावर चार."

"मग अकरा आणावी लागतील."

"आणतेत सगळे," हलगरे म्हणाले. "तेव्हाही लिहिली असती तर कुणी काही म्हणलं नसतं."

"ठावं हाय मला."

शेषेराव दारातून म्हणाले, "साहेब एवढ्या लांबून आलेत, हाव म्हण की." सिंधुबाईंनी चहा ठेवला. चहा झाल्यावर कागदाची नीट घडी करून तो साहेबांच्या हातात दिला. कारखान्याची पाळी दोनला होती. त्या पायात चप्पल सरकवून निघाल्या.

हलगरे ओसरीवर बसून राहिले. मंजुरीच्या कागदावर खाली शेऱ्याला जागा होती आणि ती मोकळी ठेवून कागद परत करता येत नव्हता. त्यांनी पेन काढलं, मांडीवर फाईल घेतली आणि लिहिलं: उमेदवार अनुपस्थित. तारीख घातली. सही केली. मग शेषेरावांना नांदेडची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.