अकरा महिन्यांनी एक दिवस

प्रवासाला निघालं की लोक काय काय घेऊन जायचं याची यादी करतात. आम्ही निघालो तेव्हा यादीचा प्रश्नच नव्हता, कारण सगळंच न्यायचं होतं. पलंग, कपाट, दोन ट्रंका, स्टोव्ह, पाण्याची तीन पिंपं, बुद्धाची मूर्ती, आमच्या लेकीची, सुजाताची सायकल आणि आमचे हे. मुक्काम फक्त एका रात्रीचा.

परभणीकडच्या माझ्या माहेरच्या मंडळींना हे पत्रातून कळवलं तेव्हा त्यांना वाटलं, मुंबईच्या हवेनं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून आधी नीट सांगते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, गाडीची शिट्टी झाली की भांडी थरथरतात अशा चाळीत आमची भाड्याची खोली होती. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना लागला की भाडेकरू घरावर हक्क सांगेल अशी मालकांना धास्ती. म्हणून करार संपला की खोली एक दिवस पूर्ण रिकामी करायची, मालकानं आपलं कुलूप लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी नव्या करारानं पुन्हा तिथंच राहायला यायचं. आमच्या गल्लीत दर महिन्याला कुणी ना कुणी असं यात्रेला निघालेलं असायचं.

आमच्या मालकीण जानकीबाय मोरव्याच्या. मोरवा म्हणजे भाईंदरचं जुनं गाव, तिथं त्यांचं कौलारू घर आणि दारात मासळीच्या वलांड्या (बोंबील वाळत घालायच्या काठ्या). सगळे त्यांना बाय म्हणत. ही खोली मिळण्याआधी चार मालकांनी आम्हाला आडनाव विचारलं होतं, आणि आडनाव ऐकल्यावर चौघांनाही अचानक आठवलं होतं की गावाहून भाऊ राहायला येतोय. एकाच आठवड्यात चौघांचे चार भाऊ. बायनं एवढंच विचारलं, "पानी जपून वापरशील?" मी हो म्हटलं आणि खोली मिळाली. तेव्हा ही खोली हातची गेली तर दुसरी कुठून आणायची, हा घोर मला पहिल्या दिवसापासून होता.

घोर लागायला कारणही घडलं. शेजारच्या चाळीतलं एक कुटुंब असंच एका दिवसासाठी म्हणून गेलं आणि परत आलं तर दाराला दुसऱ्याचं तोरण. तेव्हापासून आमच्या समोरचे सावंत भाऊजी, मूळचे रत्नागिरीचे आणि कायद्याचे स्वयंघोषित पंडित, सगळ्या भाडेकरूंना कानमंत्र देत. खोली रिकामी करायची, पण एखादी वस्तू गुपचूप मागं ठेवायची. वस्तू आत म्हणजे ताबा आपला. आमच्या ह्यांना तो मंत्र फार आवडला. हे औषधांच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. वस्तू कुठं ठेवली हे दुसऱ्याला कळू न देणं हा ह्यांचा पेशाच होता.

त्या सकाळी तीनचाकी टेम्पो दारात आला. मी भांडी बांधतेय, हे माळ्यावर चढून काहीतरी खुडबुड करतायत. खाली उतरले ते चेहऱ्यावर असं समाधान घेऊन की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बाय स्वतःचा झाडू घेऊन आल्या. रिकामी खोली स्वतः झाडायची हा त्यांचा नेम. कोपरे झाडले, मोरी बघितली, मग कंबरेवर हात ठेवून मान वर केली आणि माळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आमचे हे खिडकीबाहेर बघू लागले. बायनं पितळी कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि उद्या दहाला या म्हणाल्या.

टेम्पोवाल्यानं सामानाकडे बघून विचारलं, "कल वापस आना है ना?" हे म्हणाले, तुला कसं कळलं. तो हसला. त्याचा निम्मा धंदा अकरा महिन्यांवरच चालत होता. रेल्वेचं फाटक उघडायला पाऊण तास लागला. तेवढ्यात सुजातानं पलंगावर बसून गल्लीतल्या सगळ्यांना टाटा केला आणि एका पिंपाचं झाकण रुळांवर गेलं, ते तिथंच राहिलं. पलीकडे गेलो की मिठागरं लागत (खाऱ्या पाण्याचे वाफे करून मीठ पिकवतात ती शेतं). पांढऱ्या ढिगांच्या मागं नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. हे प्रत्येक सांगाड्याकडे बोट दाखवून म्हणत, इथं घेऊ या का? जणू काही भाजीच घ्यायची होती.

काशीगावात ह्यांच्या मावसभावाचं घर. हायवेच्या बाजूला, मागं डोंगर, अंगणात कोंबड्या. ह्या भाऊजींनी आमचा पलंग अंगणात ठेवून घेतला आणि कोंबड्यांनी लगेच त्यावर ताबा मिळवला. त्यांना कुणी करार विचारला नाही. दुपारी हे म्हणाले, प्रवासाला आलोच आहोत तर काही बघू. म्हणून आम्ही रिक्षानं वरसाव्याला जाऊन खाडीवरचा पूल बघितला. खाली खाडीचं पाणी ओहोटीचं होतं, वरून ट्रक गेला की पायाखालची जमीन गाडीच्या वेळी हलणाऱ्या आमच्या खोलीसारखी हलायची. सुजाता म्हणाली, "आई, घरासारखंच वाटतंय." मला गलबलून आलं. भाड्याच्या दहा बाय बाराला पोरगी घर म्हणत होती.

संध्याकाळी जाऊबाईंनी सुकट (वाळवलेला जवळा) कांद्यावर परतून तांदळाच्या भाकरीसोबत वाढलं. माझं निम्मं चित्त दुसऱ्या दिवसावर होतं. सुजाताला पहिलीत घालायचं होतं आणि प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. सकाळी अकराच्या आत जन्माचा दाखला घेऊन या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं शाळेच्या बाईंनी बजावलं होतं. जेवणं झाल्यावर दाखला वर काढून ठेवावा म्हणून मी ट्रंक उघडली. कागदांचा डबा नव्हता. दुसरी ट्रंक उघडली. तिथंही नव्हता.

"अहो, बिस्किटांचा पत्र्याचा डबा कुठाय?"

ह्यांचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला. तो डबा माळ्यावर, तुळईच्या मागं. ताबा राखायला. ह्यांना वाटलं, जुनाट डबा आहे, बटणं असतील. आणि मी तो डबा मुद्दाम जुनाट ठेवला होता, म्हणजे चोराला वाटावं बटणं आहेत. चोर आयुष्यात कधी आला नाही, नवऱ्यानं मात्र माझ्या हुशारीवर पुरता विश्वास ठेवला. मी फार बोलले त्या संध्याकाळी. ह्यांनी एकदाच क्षीण आवाजात विचारलं की कागद कुठं ठेवतेस ते मला का सांगत नाहीस. त्यावर मी आणखी बोलले.

पेच सरळ होता. दहापर्यंत वाट बघायची तर बाय किल्ली आणून कुलूप काढणार, करारावर अंगठा करणार, सामान आत घेणार, त्यांची पाठ फिरल्यावर आम्ही डबा काढणार, तोवर अकरा वाजून प्रवेश बंद. आधी जाऊन डबा मागायचा तर कबूल करायचं की आम्ही लबाडी केली. लबाड भाडेकरूला कोण परत घेईल? पाच मालकांत एक अशी भेटली होती. पोरीचं वर्ष की डोक्यावरचं छप्पर, यातलं एक गमवायची पाळी आली होती. सकाळपर्यंत माझं ठरलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही सामान आणा, मी पोरीला घेऊन पुढं जाते. हे इतक्या चटकन हो म्हणाले की मला हसूच आलं.

आठच्या सुमाराला मोरव्याला पोचले. बाय अंगणात बोंबील वलांडीवर टाकत होत्या. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नवऱ्यावर ढकललं नाही. आम्ही ठेवला, म्हटलं. चुकलं, म्हटलं. पण आत पोरीचा दाखला आहे, तेवढा द्या, मग खोलीचं तुम्ही ठरवाल ते.

बायनं हातातला बोंबील आधी नीट अडकवला. मग म्हणाल्या, "मना (मला) कालच दिसला तो. तुज्या नवऱ्याला लपवता येत न्हाय."

त्यांनी पुढचा बोंबील उचलला.

"गेल्या वर्साला चौथ्या खोलीतला मानूस गेला. घासूनपुसून गेला, एक चमचा ठेवला न्हाय. आलाच न्हाय परत. डबा ठेवनारा येतो गो."

आम्ही रात्रभर बाय परत घेतील का म्हणून तळमळत होतो, आणि बायनं डबा बघून आम्ही परत येणार म्हणून निर्धास्त झोप काढली होती. मला रडू फुटलं. बाय म्हणाल्या, रडशील नंतर, साळा बंद होईल. तशाच ओल्या हातांनी निघाल्या, कुलूप काढलं, आणि सुजाताला हाताला धरून दाखल्यासकट शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. वर्गात बसल्यावर पोरीच्या हाताला बोंबलाचा वास येत होता, असं तिच्या बाईंनी नंतर सांगितलं.

त्यानंतर पाच वेळा आम्ही हा प्रवास केला. दर वेळी डबा माळ्यावर राहायचा, कागद मात्र माझ्या पिशवीत. कुलूप लावण्याआधी बाय मान वर करून बघायच्या आणि मगच कनवटीची किल्ली काढायच्या.

सहाव्या वेळी परत यायचं नव्हतं. मिरा रोडला त्या सांगाड्यांपैकी एकात आमची स्वतःची खोली झाली होती. टेम्पो भरला. बाय आता वाकल्या होत्या, तरी झाडू घेऊन आल्या. कोपरे झाडले, मोरी बघितली, मान वर केली. माळा मोकळा होता. बाय बघतच राहिल्या. मग बाहेर येऊन कुलूप लावू लागल्या, तर किल्ली भोकात बसेना.

मी टेम्पोत चढलेली उतरले. ट्रंक उघडली, डब्यातले कागद पदरात ओतले आणि रिकामा डबा बायपुढं धरला. म्हटलं, "बाय, एवढा वर राहू दे."

बायनं तो हातात घेतला नाही. अर्धवट लागलेलं कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला सरकल्या.

"तूच ठेव," म्हणाल्या. "जागा तुला ठावं हाय."