नाल्यावरचा भराव

हिंगोली जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. ऑगस्टमध्ये पुरानं कनेरगाव नाक्याच्या अलीकडचा एक भराव वाहून गेला. नाल्यातले पाइप शाबूत होते, वरचा रस्ताच उरला नव्हता. आमच्या इंजिनिअर रेजिमेंटची तुकडी सकाळी ०६१५ ला पोचली. ऑर्डर होती: १७०० पर्यंत रस्ता चालू.

मी नाईक युनूस शेख. रोलर चालवायचो. घर हिंगोलीतच. आमचे हवालदार भगवान खिल्लारे आखाडा बाळापूरचे.

कडेलाच काळ्या मातीचा ढीग पडला होता. मदतीला आलेल्यांपैकी किसन नावाचा गावकरी म्हणाला, "साहेब, हीच टाका की. मुरूम काहून लांबून आणून राहिले?"

"काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते," खिल्लारे म्हणाले. "तिच्यावर रस्ता टिकत न्हाई, दादा."

मुरूम टेकडीवरून आणला. वीतभर थर, त्यावर रोलरच्या आठ फेऱ्या, मग पुढचा थर. खिल्लारे दर वेळी मूठभर मुरूम दाबून बघत. भुगा झाला तर पाणी मारायचं, हाताला चिखल लागला तर थांबायचं. पाइपांजवळ रोलर नेता येईना. तिथं जवान आणि गावकरी धुमसानं ठोकत होते.

१३४० ला पलीकडे जीप थांबली. आत बाळंतवेणा सुरू झालेली बाई. लोक ओरडू लागले, "जीप सोडा!" तिसरा थर नुकताच झाला होता. खिल्लाऱ्यांनी त्यात पहार खुपसली. ती सहज आत गेली. खाली पाणी मुरलं होतं.

"थर काढा," ते म्हणाले. "बाईला बाजेवर आणा."

चार जवानांनी कमरेएवढ्या पाण्यातून बाज अलीकडे आणली. आमच्या ट्रकनं बाईला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, असं नंतर कळलं.

१४२५ ला ओला थर काढताना जुन्या भरावाची कड सरकली. खाली किसन वाकून माती ओढत होता. खिल्लाऱ्यांनी धावत जाऊन त्याला ढकललं. कड त्यांच्यावर आली.

रेडिओवर मीच बोललो. "एक कॅज्युअल्टी. मातीखाली. मेडिकल पाठवा. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"हवालदारसाहेब. ओव्हर."

सेट ठेवून मी ढिगाऱ्याकडं धावलो.

फावडं त्यांना लागेल म्हणून आम्ही हातांनी उकरलं. किसन सगळ्यांच्या पुढं होता. बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता.

सुभेदारसाहेब आले. पाहिलं. म्हणाले, "काम चालू ठेवा." मी रोलरवर बसलो. घाई कुणीच केली नाही. रस्ता १८१० ला उघडला.

इन्क्वायरीत विचारलं, त्या वेळी रोलरचं कंपन चालू होतं का? रोलर बंद होता. तसं सांगितलं. खरंच बंद होता. तरी कड सरकण्याआधीची पाच मिनिटं मी अजून मनात तपासतो.

महिन्यानं बाळापूरला गेलो. खिल्लाऱ्यांच्या आईनं चहा दिला. मग विचारलं, "युनूस, त्याला लई तकलीफ झाली का रे?"

"न्हाई, मावशी."

"बराबर सांगून राहिला ना?"

"व्हय."

मला ठाऊक नव्हतं. तिनं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग लेकाबद्दल बोलू लागली. गल्लीतल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवणारा, बहिणीच्या लग्नात मांडवामागं जाऊन रडलेला. आम्ही त्यांना फक्त हवालदारसाहेब म्हणून ओळखत होतो. भगवान मला त्या दिवशी भेटला.