जहाजात शिरणारी गाडी

पोल्डी प्रोहास्काला व्यसन एकच, चौकशांचं. पावसात ट्राम रुळांवर वाळू का सोडते, हे तिनं ट्रामवाल्यालाच विचारलं होतं, आणि तेही भर थांब्यावर, मागं माणसं खोळंबलेली असताना. घरातलं गजराचं घड्याळ तिनं एकदा उघडलं. परत जोडलं तेव्हा एक चाक उरलं, पण घड्याळ मात्र टिकटिक करत चाललं. मग ते चाक होतं तरी कशाला, हा प्रश्न तिला महिनाभर पुरला. तिची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात झाली. तिथल्या बायका म्हणायच्या, "पोल्डीला सूप ढवळायला देऊ नका गं, वाटाणे तळाशी का बसतात तेच बघत राहील."

नवरासुद्धा तिनं चौकशीपायीच केला म्हणा ना. बेर्टल प्रोहास्का रंगारी. तरुणपणी कुठल्याशा हॉटेलाच्या भिंती रंगवायला सिसिलीला जाऊन आलेला. व्हिएन्नाच्या कडेला, ओबरलाच्या वाइनबागेत, लाकडी बाकावर बसून, तो सोबत्यांना सांगत होता की रात्रीची गाडी समुद्रापाशी येते आणि तिथं माणसं उतरत नाहीत, गाडीच जहाजात शिरते! अख्खीच्या अख्खी, पावात सॉसेज जावं तशी. माणसं आपली बर्थवर पडल्या पडल्या समुद्र ओलांडतात. सोबती खिदळले. शेजारच्या बाकावरची पोल्डी तेवढी उठून आली आणि म्हणाली, "आणि इंजिनाचं काय होतं?"

बेर्टलनं मान वर केली. तिनं डोळे मोठे केले होते.

"इंजीन काठावरच राहतं," तो म्हणाला. "त्याला बोट लागते."

ती हसली, आणि त्याच सालच्या द्राक्षतोडणीनंतर दोघांचं लग्न झालं.

पुढं पंचेचाळीस वर्षं दर उन्हाळ्यात, त्याच बागेत, तीच गोष्ट. पहिला पेला संपला की कुणीतरी म्हणणारच, "बेर्टल, गाडी चढव रे जहाजात!" गोष्ट वर्षागणिक अंगानं भरत गेली. साखळदंड आले, भोंगा आला, एके वर्षी तर पांढरे हातमोजे घातलेला कप्तान डबे मोजायला आला. बेर्टल तसा अबोल माणूस. भिंतीकडे तोंड करून आयुष्य काढलेलं. त्याच्यापाशी ही एकच गोष्ट होती, आणि ती सांगताना तो हातभर उंच दिसायचा. पोल्डीला ते फार आवडायचं.

मग एक दिवस केस कापणाऱ्या बाईकडे पोल्डीच्या कानावर आलं की इटली आणि सिसिलीमधल्या सामुद्रधुनीवर म्हणे पूल बांधायचं चाललंय. कधी होईल ते देव जाणे, पण पूल झाल्यावर गाडी कशाला चढतेय जहाजात! पोल्डी अर्धे केस ओले असतानाच घरी आली.

"बेर्टल, आपण जायचं."

"कुठं?"

"सिसिलीला. रात्रीच्या गाडीनं. गाडी जहाजात शिरते ते बघायला."

बेर्टलचा कॉफीचा कप हवेतच राहिला. "अगं, ते तर मी तुला सांगितलंय."

"ऐकलंय. बघितलं कुठं?"

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही. व्हिएन्नाहून रोम एक रात्र, रोममध्ये एक दिवस, मग रोमहून सिसिली दुसरी रात्र, असा बेत तिनं नकाशावर मांडला. मोठं स्टेशन घरापासून चालत जाण्याजोगं, त्यामुळे तिकीटखिडकीवरच्या बाईचा छळ रोजचाच. सहा बर्थांचा कप्पा बरा की चौघांचा? बायकांचा कप्पा वेगळा असतो तर नवऱ्यांना दुसरीकडे हाकलता येतं का? वरच्या बर्थवर झोपलं तर खिडकीकडे डोकं येतं की पाय? ती बाई चिवट, तीही हसत हसत पुरून उरली.

बेर्टल मात्र रोज एक नवं दुखणं काढायचा. आज गुडघा, उद्या कंबर. "इटलीतल्या उशा फार चपट्या असतात गं," हेही एकदा झालं.

"तुझी घेऊन जाऊ," पोल्डी म्हणाली. "बरं, मला सांग, जहाजात शिरताना समुद्र कुठल्या बाजूला दिसतो? त्या बाजूचा बर्थ बघते."

"डाव्या."

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, उजव्या. पाणी कुठंतरी मुरतंय हे पोल्डीला कळल्याशिवाय कसं राहील?

मुरलेलं पाणी खिडकीवरच्या बाईनं वर काढलं. "अख्खी गाडी कशी मावेल हो बोटीत?" ती म्हणाली. "तुकडे करतात. बोटीच्या पोटात रूळ असतात, त्यावर डबे शेजारी शेजारी ढकलतात. मी स्वतः गेलेय."

"पूर्वी अख्खी जायची का?"

"छे! कधीच नाही. एवढी लांब बोट कुणी बांधलीय?"

पोल्डी घरी चालत आली, तीही लांबच्या रस्त्यानं. डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, अख्खी गाडी. हा माणूस सिसिलीला गेला तरी होता का?  गोष्ट खोटी असेल तर ज्यासाठी ती उठून त्या बाकावर गेली, तेच खोटं. मग खरं काय उरलं? जिनं ट्रामवाल्याला सोडलं नाही, तिला घरात शिरून नवऱ्याला एक प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही. तिकिटं मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी काढली.

निघायच्या आधीच्या रविवारी वाइनबागेत पेपी भेटला. हा बेर्टलच्या जोडीनं रंग लावणारा, जिभेला हाड नसलेला. त्यालाही कुणीतरी तुकड्यांचं सांगितलं होतं.

"या जाऊन, या!" तो पाव चरबीनं माखत म्हणाला. "सॉसेज अख्खं जातं की कापून, ते एकदा बघाच. आणि आल्यावर, पोल्डी, तूच सांगायचं, याच बाकावर. पंचेचाळीस वर्षं यानं आम्हाला शेंडी लावली की नाही?"

सगळे हसले. बेर्टलचं तोंड चुना फासल्यासारखं झालं. त्यानं पेला तसाच ठेवला आणि घरी जाऊया म्हणाला.

पहिली रात्र छान गेली. बेर्टल पडल्याबरोबर घोरायला लागला. दाढी करायला न्हाव्यापुढं बसवलं तरी तिथं झोपणारा माणूस तो. सकाळी अटेंडंट पाव, लोणी, जॅम आणि कॉफी घेऊन आला, तर पोल्डीनं त्याला धरून ठेवलं, कुणाला कुठं उठवायचं ते तुझ्या लक्षात कसं राहतं म्हणून. रोम तिनं पाहिलं म्हणायचं एवढंच; तिचं सगळं चित्त पुढच्या गाडीत.

त्या दुसऱ्या रात्री पोल्डी वरच्या बर्थवर होती. जाग आली की ती खाली डोकवायची, आणि प्रत्येक वेळी बेर्टल बसलेलाच दिसायचा. पाठ ताठ, टोपी डोक्यावर, आणि पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. मान डुलली की तो स्वतःच्या मांडीला कचकन चिमटा काढायचा. समोरच्या बर्थवरची सिसिलीची बाई त्याला वेडा समजून भिंतीकडे वळून झोपली होती.

पोल्डी बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. अगं बाई! हा गेला होता. गेला होता, पण झोपून!

तिला हसू आलं, रागही आला. तिनं तोंडात चादरीचं टोक कोंबलं.

उजाडता उजाडता गाडी थांबली. खडखडाट झाला, एक हिसका बसला, आणि मग गाडी हळूहळू उलटी सरकायला लागली. बाहेरचा उजेड गेला. खिडकीशी लोखंडाची भिंत आणि पिवळे दिवे आले. शेजारच्या रुळावर त्यांच्याच गाडीचे मागचे डबे येऊन उभे राहिले. पोल्डीचं नाक एका काचेला, बेर्टलचं दुसऱ्या. तो लहान पोरासारखा पुटपुटत होता, "बघ, बघ. साखळदंड बांधतायत. पोल्डी, साखळदंड आहेत!"

सिसिलीच्या बाईनं दोघांना खुणेनं जिन्यावरून वर नेलं आणि बोटीतल्या दुकानातून भाताचे तळलेले गरमागरम गोळे हातात ठेवले. इथून जाणारा प्रत्येक माणूस ते खातो, बेर्टलच्या गोष्टीत मात्र ते कधीच नव्हते. तो कठड्याशी उभा राहून गोळ्याकडे बघत राहिला.

"पोल्डी," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा मी झोपलो होतो, जातानाही आणि येतानाही. जाग आली तोवर गाडी पलीकडे पोचली होती. सोबतच्या पोरांनी जे सांगितलं, तेवढंच मला ठाऊक."

"कळलं मला. माणूस उगाच बूट घालून रात्र काढत नाही."

"तू असं डोळे मोठे करून विचारलंस. झोपलो होतो म्हटलं असतं, तर उठून गेली असतीस."

"गेलेच असते!" पोल्डी फणकारली. "पंचेचाळीस वर्षं, बेर्टल! आणि तो हातमोजेवाला कप्तान?"

"तो माझा," बेर्टल खाली मान घालून म्हणाला.

पोल्डीला इतकं हसू आलं की भात सांडला. तिनं आपलं तेलकट बोट त्याच्या बाहीला पुसलं आणि मग हात तिथंच राहू दिला.

परतल्यावरच्या रविवारी बाकं भरली होती. पेपी वाटच बघत होता. "हं, पोल्डी! बोल आता. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. अख्खी जाते की तुकडे करून? याचं पितळ उघडं पाड एकदाचं."

बेर्टल पेल्याच्या बुडाकडे बघत होता. सगळे पोल्डीकडे वळले.

"मला काय विचारता?" पोल्डी म्हणाली. "मी मेली झोपले होते! एवढे बेत केले, त्या खिडकीवरच्या बाईचं डोकं खाल्लं, आणि ऐन वेळी घोरत पडले. हा जागा होता. यालाच विचारा."

बाकांवर हशा पिकला. पोल्डी झोपली! पोल्डी! महिनाभर पुरेल एवढी चेष्टा आयतीच मिळाली. पेपीनं तर टेबलावर हात आपटला.

बेर्टलनं तिच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि सावकाश सांगायला लागला. तुकडे करतात हेही सांगितलं, तळलेल्या भाताचंही सांगितलं. कप्तान या वेळी आला नाही. सांगता सांगता त्याची नजर पोल्डीवर गेली आणि पुढचं वाक्य राहूनच गेलं.

पोल्डी टेबलावर पुढं वाकली, हनुवटी हातात धरून.

"आणि इंजिनाचं काय होतं?" तिनं विचारलं.