मधल्या खोलीचा उजेड

गोंदियाजवळ कुडव्याला असलेल्या आमच्या घरातली मधली खोली भर दुपारीही काळीकुट्ट असते. बाहेरून आलेल्या माणसाला दारात क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर पाण्याच्या घागरीला पाय लागतो. हे घर आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थिनीनं काढलेल्या नकाशावरून बांधलेलं आहे आणि ती विद्यार्थिनी मी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "काऊन जी, पोरगी तं आर्किटेक्ट न? मंग घरात एवढा अंधार?" आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हे घर होण्याआधी आम्ही मुर्रीला कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात राहायचो. बाबा राइस मिलच्या बॉयलरवर कामाला होते आणि आई घरी बिड्या वळायची. तिनं छपरातलं एक कवेलू काढून तिथं काचेचा तुकडा बसवून घेतला होता. त्यातून उजेडाचा एक चौकोन जमिनीवर उतरायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. सकाळी चुलीपाशी, दुपारी धानाच्या कोठीपाशी, मग भिंतीवर. आई मांडीवरचं सूप, तंबाखू, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तेंदूपत्ता असा सगळा पसारा घेऊन त्या चौकोनामागं सरकायची. दारात बसावं तर वारा. वाऱ्यानं पत्ता वाळतो, तडकतो, तंबाखू उडतो. म्हणून उन्हाळ्यातही आमच्याकडे दिवसा पंखा लागत नसे.

नागपूरला कॉलेजात गेल्यावर सरांनी सूर्याचा मार्ग शिकवायला मोठमोठे तक्ते फळ्यावर लावले. वर्गातली मुलं डोकं खाजवत होती. मला ते सगळं आधीच येत होतं, त्याला काय म्हणतात तेवढं ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी जे काढलं ते उजेडाचंच काढलं. शाळा काढली तर वर्गाच्या पाठीमागून उजेड घेतला, बसस्टँड काढलं तर छपराच्या दोन पाखांमध्ये फट ठेवली. स्ट्रक्चर शिकवणारे सर म्हणायचे, "भोक पाडायचंय ना? मग आधी भार कुठून खाली जाईल ते सांग." मी रात्रंदिवस बीम आणि कॉलम गिरवून ते सांगायला शिकले. चौथ्या वर्षी मी बिडी वळणाऱ्या बायकांसाठी कामाची शेड काढली. सुटीत घरी आले की कॉलेजातून मागून आणलेलं उजेड मोजायचं मीटर आईच्या सुपाजवळ धरायची. तिच्या मांडीची उंची टेपनं मोजली, मानेचा कोन मोजला, तिचे फोटो काढले. ती पदर सावरून म्हणायची, "माये फोटो कायले काढून राहिली?" मी म्हणायची, हलू नको.

त्याच वर्षी बाबांनी कुडव्याला प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. प्लॉट अरुंद, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. पुढच्या आणि मागच्या खोलीला खिडक्या मिळत होत्या, मधल्या खोलीला कुठूनच काही नाही. मी हट्टाला पेटले. मधल्या खोलीवरचा स्लॅब अडीच फूट वर उचलायचा आणि उत्तरेच्या बाजूला, त्या उचललेल्या भागात, लांबलचक काचेची पट्टी ठेवायची. उत्तरेचा उजेड सौम्य. आमच्या उन्हाळ्यातही थेट ऊन आत येणार नाही, वाराही नाही. चार कॉलम, चार बीम, वर छज्जा. सळयांचा हिशेब मी सरांकडून तपासून घेतला होता. मिस्त्रीनं नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "दो लेवल का स्लॅब? ताई, गोंदियात असा कोनी टाकत नाही. अन् उद्या वरचा माळा कसा चढन?" आमच्याकडे घर कधीच पूर्ण बांधत नाहीत. स्लॅब सपाट टाकतात, कॉलमच्या सळया वर हातभर मोकळ्या सोडतात आणि वरचा माळा पोराच्या लग्नापर्यंत राखून ठेवतात. अर्ध्या गावाच्या डोक्यावर या सळया गंजत उभ्या आहेत. मी मिस्त्रीला ठणकावलं, नकाशात आहे तसंच झालं पाहिजे. बाबांनीही मान डोलावली.

मग मी कॉलेजच्या जुरीसाठी नागपूरला गेले. जुरी म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर आपलं डिझाइन उभं करणं. माझ्या बिडी शेडचं त्यांनी कौतुक केलं, मॉडेल कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवलं. पंधरा दिवसांनी मी हवेत तरंगत घरी आले तर स्लॅब टाकून झाला होता. सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत परातीसारखा सपाट, वर पाणी धरून ठेवायला आळी केलेली आणि चहूबाजूंनी सळया.

मी काय काय बोलले ते आता सगळं लिहिण्यासारखं नाही. बाबा खाटेवर बसून होते. "पोट्ट्याच्या लग्नाले वरचा माळा लागन न," एवढंच ते म्हणाले. पोट्टा म्हणजे माझा भाऊ तेव्हा दहावीत होता आणि त्याला लग्नाची नव्हे, क्रिकेटच्या बॅटची पडली होती. त्या न झालेल्या लग्नासाठी, त्या न झालेल्या सुनेसाठी, त्या न झालेल्या माळ्यासाठी माझ्या आईचा उजेड बुजवला होता! मुलीनं चार वर्षं घासून शिकलेलं एका वाक्यात मातीमोल. मी विचारलं, मग मला शिकवलं कशाला? बाबा उठून स्लॅबवर पाणी मारायला गेले. आई चहा करत होती.

पुढं व्हायचं तेच झालं. मधल्या खोलीत ट्यूबलाइट लावली, पण ते लोडशेडिंगचे दिवस. दिवसा वीज असायची कमी, जायचीच जास्त. आई पुढच्या दारात उंबरठ्यावर येऊन बसली. तिथं वारा, रस्त्याची धूळ. पत्ता तडकायला लागला, कारखान्यातून तिच्या बिड्या छाट, म्हणजे खराब माल म्हणून परत यायला लागल्या. ती अंधुक उजेडात जास्तच वाकून वळायची. काही वर्षांत चष्मा आला, मग त्याचा नंबर वाढत गेला. डॉक्टरांनी सांगितलं की डोळे जपायचे असतील तर असं काम बंद करा, नाहीतर निदान भरपूर उजेडात बसा. भरपूर उजेडात! आणि यावर कळस म्हणजे बाबांनी माझ्या त्या कौतुक झालेल्या शेडच्या चित्राला फ्रेम करून आणली आणि नेमकी मधल्या खोलीत लावली. दिवसा ती दिसतही नाही.

मी बाबांशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. सणाला यायची, जेवायची, जाताना एखादा टोमणा मारून जायची. "तुमचा माळा कुठवर आला?" असं मी त्यांना चारचौघांत विचारलं आहे. ते हसल्यासारखं करायचे. भाऊ शिकला, रायपूरला नोकरीला लागला, त्यानं तिथंच फ्लॅट घेतला. आता वरचा माळा बांधणार कोण आणि राहणार कोण? मी तोवर नागपुरात स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं होतं. भावानं फ्लॅट घेतला त्याच उन्हाळ्यात मी स्लॅब कापायचं मशीन आणि ते चालवणारा कारागीर घेऊन थेट घरी धडकले. बीम सोडून कुठं कापता येईल ते मी आधीच काढून ठेवलं होतं. स्टुलावर चढून छताला खडूनं चौकोन आखला आणि खाली उतरता उतरता बाबांवर पुन्हा सुटले. एवढी वर्षं एका बाईचे डोळे गेले, ते तुमच्या हट्टापायी, असं मी त्या परक्या माणसासमोर म्हणाले.

बाबा चप्पल घालून बाहेर निघून गेले. आई उंबरठ्यावरून सूप बाजूला ठेवून उठली.

"त्यायले नको बोलू," ती म्हणाली. "स्लॅब सपाट टाकाले मीच सांगतलं होतं."

मला आधी वाटलं, ती त्यांना वाचवते आहे.

"बाबा मिलमंधी होते. मिस्त्री नकाशा घेऊन आला, सगळ्या खोल्या वाचून दाखवल्या. बैठक, देवघर, सैपाकखोली. अन् घराच्या मधात, बिडी वळण्याची जागा." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "म्या इचारलं, हे शाईनं लिवलं हाये का पेन्सिलीनं? तो म्हणे, शाईनं. म्या म्हटलं, मंग ते वरचं भोकच बुजव, सपाट टाक स्लॅब. नव्या घरात मले बिडी नाही वळाची."

"मग वळत का राहिलीस?"

"तुयं एक वर्ष बाकी होतं. तेवढं झालं की सोडू म्हटलं. मंग पोट्ट्याचं आलं. नाही सुटली."

"आणि बाबा?"

"त्यायले म्या सांगतलं. ते म्हणे, तिले नको सांगू, लय खूश हाये पोरगी."

मी चिडूनच म्हणाले, मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मी चारदा येऊन गेले, तुझ्याजवळ बसून मापं घेतली!

"मापं घेतली," आई म्हणाली. "इचारलं कुठं?"

कारागीर बोर्डात मशीनची पिन खोचून उभा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, काटू क्या?" मी आईकडे बोट दाखवून म्हणाले, इनसे पूछो.

आई वर छताकडे बघत राहिली. "मले काऊन इचारून राहिली आता?" ती म्हणाली. "नकाशा तं तुयाच हाये." आणि चहा टाकायला आत गेली.

तो माणूस माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात खडू होता आणि ज्याच्यावर संतापावं असं घरात कोणी उरलं नव्हतं.