हेमलताबाईंचा केशरी साखरभात

हेमलताबाईंच्या साखरभाताचं दिल्लीच्या करोल बागेत मोठं नाव होतं. दिल्लीच्याच द्वारका उपनगरातल्या नव्या सोसायटीत त्या राहायला आल्या तेव्हा सामानाआधी भाताची कीर्ती पोचली, असं त्यांचे यजमान शांतारामपंत चिडवायचे. बाईंनाही त्या कौतुकाची चटक लागली होती.

१९९८ साली सोसायटीत पहिला गणपती बसला. नळाला पाणी दिवसाआड, तरी साठ पानांचा प्रसाद बाईंनी हौसेने अंगावर घेतला. भात शिजला आणि पाहतात तो काय, अगदी फिकट! घरातलं केशर एवढ्या भाताला पुरलं नव्हतं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जिलेबीत घालतात त्या रंगाची चिमूट पातेल्यात टाकली. कुणाला कळतंय, असं त्या मनाशी म्हणाल्या.

शेजारच्या फ्लॅटमधली लतिका गुडगावच्या एका नव्या कंपनीत नोकरीला होती. असला रंग पोटात गेला की तिच्या अंगावर गांधी उठायच्या. बाजारात तेव्हा रोज नवी रंगीबेरंगी पाकिटं येत होती, आणि ही पोरगी प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसायची. बायका तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या. त्यात बाई सगळ्यांच्या पुढे.

आरती झाल्यावर लतिकाने हळूच विचारलं, "काकू, यात रंग नाही ना?"

दहा बायकांचे कान टवकारले. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, पण नाक मोठं ना!

"छे गं! अस्सल केशर आहे. डोळे मिटून खा."

लतिकाने खाल्लं, वर आणखी मागून घेतलं. अर्ध्या तासात तिचे ओठ टम्म सुजले, श्वास लागला. पंतांनी शेजाऱ्याच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, बाईही बरोबर गेल्या. "क्या खाया था?" डॉक्टरने विचारलं. "केसर," लतिका कशीबशी म्हणाली. बाई उशाशीच उभ्या होत्या. त्या तोंड मिटून राहिल्या.

इंजेक्शनने ती बरी झाली. तिसऱ्या दिवशी केशराची डबी घेऊन बाईंच्या दारात आली.

"काकू, हे भावाने श्रीनगरहून आणलं होतं. तुम्हीच ठेवा. मला आता केशरही चालत नाही. आणि सगळ्यांना सांगितलंय हं, काकूंच्या भाताचा काही दोष नाही, माझं अंगच तसलं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबी घ्यायला हात पुढे होईना.

"लतिका, ते केशर नव्हतं. रंग होता. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. डॉक्टरसमोरही माहीत होतं."

"मी विचारलं होतं ना, काकू," एवढंच लतिका म्हणाली आणि डबी घेऊन परत गेली.

पुढच्या गणपतीत बाईंनी पांढराशुभ्र साखरभात केला. "यंदा असा का?" कुणीतरी विचारलं. मागच्या वर्षी रंग घातला होता आणि खोटं बोलले होते, असं बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं. मान वर करवत नव्हती, पण सांगितलं. मग त्यांनी पहिलं पान वाढून लतिकापुढे धरलं.

यात रंग आहे का, हे तिने या वेळी विचारलंही नाही. गणपतीपुढचं एक केळं उचललं आणि सोलून खाऊ लागली.