रविवारचे खेळ आणि पुसदची बस

आमच्या क्लासमधले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. पंख्याच्या पात्यावर धूळ साचते तसे ते साचत गेले. आता कोणी सहज विचारलं, "सर, तुमचं ते रविवारचं काय चालायचं हो?" की सगळे एकदम अंगावर येतात. मग चहा गार झाला तरी मी थांबत नाही. बायको आतून म्हणते, "लागली टेप!"

तर यवतमाळात स्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. कापसाची दैना चालली होती ती वर्षं. बाजारपेठ भरदुपारी पेंगायची, पेपर उघडायची भीती वाटायची, आणि क्लासला येणारी पोरंही कमी झाली होती. रविवारी क्लास बंद. त्या रिकाम्या खोलीत आम्ही चौघं खेळ बनवायचो.

खेळ म्हणजे चित्रं नाहीत, बंदुका नाहीत, नुसती अक्षरं! स्क्रीनवर येतं, "तुम्ही अंगणात आहात. समोर विहीर आहे." तुम्ही खाली टाइप करायचं, "विहिरीत वाक." मग खेळ सांगणार काय दिसलं ते. एखादी गोष्ट त्याला शिकवलेली नसली की तो सरळ हात वर करतो: "हे मला समजत नाही." बस, एवढंच. लोकांना वाटायचं आम्ही रविवारी जुगार खेळतो. ते समजावणं तरी सोपं होतं.

मंडळाचे नियम दोन. आपला खेळ दुसरा कोणी खेळत असेल तर बनवणाऱ्यानं मागं बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. आणि खेळून झाल्यावर कोणी "चांगला", "भंगार" म्हणायचं नाही, फक्त "मला अमुक जागी थांबावंसं वाटलं" एवढं सांगायचं. हा दुसरा नियम रंजनाचा. ती पुसदकडच्या फुलसावंगीची, इथं हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करायची. त्या नियमामुळेच आम्ही टिकलो असं मला अजून वाटतं. बाहेर सगळीकडे जो तो एकमेकांच्या चुका मोजत होता.

*

पहिला खेळ गजूभाऊंचा. गजूभाऊंचं बियाण्या-खतांचं दुकान. माणूस बोलायला लागला की गिऱ्हाईक बियाणं विसरून जायचं. अशा माणसाला तोंड बंद ठेवायचं होतं!

खेळायला बसला इम्रान, इंजिनिअरिंगचा पोरगा, आमच्यात सगळ्यात हुशार. स्क्रीनवर आलं, "तुम्ही घरात आहात. दार बंद आहे."

इम्राननं लिहिलं, "दार उघड." उघडलं नाही. "दार ढकल." नाही. "दार ओढ." "दाराला लाथ मार." "दार तोड." खेळ आपला एकच म्हणतोय, "दार बंद आहे." मागं गजूभाऊ घामाघूम. एकदा रुमाल तोंडात कोंबला त्यांनी, खरं सांगतो. इम्राननं शेवटी "आई, दार उघड" असंही लिहून पाहिलं.

मग वैतागून उठला. "भाऊ, नाही निघत!"

तेव्हा गजूभाऊंनी रुमाल काढला. "अबे, दार कोनी असंच उघडते काय? आंधी कडी काढा लागते ना!"

इम्राननं नियम पाळला. म्हणाला, "मले दारापाशी थांबावं वाटलं." आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो.

*

तेव्हा लोडशेडिंग इतकं की वीज आली की लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. एका रविवारी रंजना गजूभाऊंचा नवा खेळ खेळत होती. गोष्ट अशी होती की जंगलात म्हैस हरवलीय आणि तुम्ही तिच्या मागावर आहात. म्हशीची घंटा ऐकू येते न येते तोच लाइट गेले. बॅटरी बॅकअप दोन श्वास टाकून मेला.

रंजना हळहळली. "आता वो भाऊ? म्हैस तं जवळच होती!"

गजूभाऊंनी खुर्ची ओढली, मेलेल्या मॉनिटरच्या बाजूला बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "तुम्ही नाल्यापाशी आहात. घंटेचा आवाज उत्तरेकडून येतो."

मग काय! रंजना सांगायची, "नाला ओलांड," आणि गजूभाऊ कॉम्प्युटर होऊन उत्तर द्यायचे. मध्येच त्यांना सुचलं नाही की तेही म्हणायचे, "हे मला समजत नाही." एरवी कधी न कबूल करणारा माणूस! इम्रान मुद्दाम त्यांना काहीबाही विचारत सुटला, फक्त ते वाक्य ऐकायला.

दुपारभर चाललं ते. लाइट कधी आले, पंखा कधी फिरायला लागला, कोणाला कळलंच नाही. म्हैस सापडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

इम्रानचा खेळ मात्र मला आत कुठंतरी लागला. त्याचे अब्बा टेम्पोत लोकांचा कापूस भरून खरेदी केंद्रावर न्यायचे. तिथं गाड्यांची रांग लागायची, आणि रांगेत दिवस जायचे. इम्राननं त्याचाच खेळ केला. तुम्ही गाडीवर बसलेले आहात, पुढं गाड्या, मागं गाड्या. काहीही टाइप करा, रांग हलत नाही. एकच शब्द चालतो, "थांब."

थांबलं की काहीतरी छोटंसं दिसायचं. कोणीतरी विडी मागतो. एक बैल बसतो आणि उठत नाही. वरून ढग जातो आणि सगळे मान वर करून त्याच्याकडे, मग कापसाकडे बघतात. किती सुंदर लिहिलं होतं पोरानं! मी सर असून मला असं कधी जमलं नाही.

आम्ही तो खेळ इंटरनेटवरच्या आमच्यासारख्याच छंदिष्टांच्या ग्रुपवर टाकला. भली माणसं होती. पुण्याच्या एका गृहस्थांनी फार अदबीनं विचारलं, "कोडं कुठं आहे? जरा हिंट द्याल का?"

इम्राननं उत्तर लिहिलं, "अजून थोडं थांबा."

पण खरी दाद दिली गजूभाऊंच्या एका गिऱ्हाइकानं. तो भाऊंना शोधत क्लासवर आला होता, भाऊंनी त्याला धरून बसवलं. त्यानं दोन ओळी वाचल्या, मनगटानं कपाळ पुसलं आणि उठून उभा राहिला.

"काहून, का झालं?" भाऊंनी विचारलं.

"अरे बापा, मी आत्ताच तिथून येऊन राह्यलो! पुन्हा कायले बसवता?"

*

रंजना मात्र पुष्कळ दिवस खेळ दाखवायलाच तयार नव्हती. सगळ्यांचे खेळायची, नेमकं बोलायची, स्वतःचा विषय निघाला की "होऊन राह्यला" म्हणून टाळायची. एका रविवारी मात्र तिनं आपल्या खेळाची सीडी माझ्यासमोर ठेवली.

तिचा मोठा भाऊ संजू. कापूस लावायचा की नाही यावरून बापाशी त्याचं रोज वाजायचं. एका सकाळी तो घरातून गेला तो गेलाच. गावातल्या कोणीतरी त्याला पुसदच्या स्टँडवर पुण्याच्या बसमध्ये चढताना पाहिलं, एवढंच यांना कळलं. नंतर शेजारच्यांकडे त्याचा फोन यायचा. आई बोलायची, बाप बोलायचा. रंजना फोनवर जायची नाही.

"सांगून गेला असता तं मी रडली असती, पन बोलली असती," ती म्हणाली. "कोनाले नाही सांगतलं त्यानं, सर. आईले बी नाही! आई त्या दिवशी पहाटेच पुसदले मावशीकडं गेलती. वापस आली तं पोरगा घरात नाही. असा भाऊ कायले पायजे मले?"

हे सांगताना तिचा आवाज असा कोरडा होता की मलाच पाणी प्यावंसं वाटलं.

तिच्या खेळात तुम्ही वेळेवर स्टँडवर पोचता. संजू बाकावर बसलेला आहे. त्याला थांबवायचं, एवढंच काम. आम्ही जिवाचं रान केलं. "हात धर." संजू हात सोडवून घेतो. "बॅग हिसकाव." संजू बॅग सोडत नाही. गजूभाऊंनी लिहायला लावलं, "बसची हवा सोड." तर उत्तर आलं, "डेपोतून दुसरी बस येते." पोरीनं तेही लिहून ठेवलं होतं! काही केलं तरी शेवटी संजू बसमध्ये चढायचा.

मी म्हटलं, "रंजना, एखादी तरी वाट ठेव की त्याला थांबवायची."

"मले सापडू तं द्या," ती म्हणाली.

आमच्यापैकी प्रत्येकानं सांगितलं, मला त्या बाकापाशी थांबावंसं वाटलं. तिनं मान हलवली. पण फोनवर ती त्यानंतरही गेली नाही.

*

पुढं थंडीत तिची आई यवतमाळला आली, डोळे तपासायला. त्या दिवशी रविवार होता म्हणून रंजना तिला क्लासवर घेऊन आली. लुगड्याचा पदर सावरत बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. गजूभाऊंनी चहा मागवला, इम्रान उगाच कीबोर्ड पुसत राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या, "पोरीनं काय केलं ते तं दाखवा."

मी रंजनाकडे पाहिलं. ती उठून मागं जाऊन बसली, आपल्या नियमाप्रमाणे.

बाईंना वाचता यायचं, टाइप करता यायचं नाही. मी म्हटलं, "माय, तुम्ही सांगा, मी लिहितो. तिथं तुम्ही स्वतः आहात असं समजा."

स्क्रीनवर आलं, "पुसदचा स्टँड. सकाळ. संजू बाकावर बसला आहे. पायाशी बॅग आहे. पुण्याची बस लागली आहे."

बाईंनी एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट काचेवर तसंच राहिलं. मला वाटलं आता म्हणतील, थांबव त्याला. तेच लिहायला माझी बोटं तयार होती.

"त्याले डबा दे म्हना," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, "संजूला डबा दे."

खेळानं उत्तर दिलं, "तुमच्याकडे डबा नाही."

"नाही कसा?" बाई स्क्रीनवर खेकसल्या. "हातातच तं होता माह्या! दोन भाकरी अन् ठेचा. मीच तं देल्ला होता."

मागं खुर्ची सरकली. "आई?"

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या दंडाला धरून त्या म्हणाल्या, "लवकर लिव्हा ना सर, बस निघून राह्यली."