चार वाजता काट्यावर

माझी बायको गळानं मासे धरायची. तिच्या तेरवीले आलेल्या लोकायनं पंगतीत बसून हीच गोष्ट एकमेकाले सांगितली अन् तोंडाले रुमाल लावून हसून घेतलं. मी वाढत होतो, मले सगळं ऐकू येत होतं. बहिरा समजतात मले.

आमी शेतकरी. विहिरीच्या भरवशावर मेथी, पालक, सांबार म्हंजे कोथिंबीर लावतो अन् किन्हीराजाच्या बाजारात नेऊन विकतो. मासे धरणं आमच्या घराण्यात कोणी केलं नाही. पण तिचं माहेर नदीकाठचं. बापाच्या बाजूले डोहावर बसून ती शिकली. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत लुगड्यायच्या खाली तंगुसाची, म्हंजे गळाच्या बारीक दोरीची, गुंडी निघाली. माझ्या मायनं ते तंगूस बोटानं ओढून पाह्यलं अन् म्हणाली, "या पोरीचं काही खरं नाही."

माय गेली, लेकी सासरी गेल्या, पोरगा पुण्याले कंपनीत लागला. घरात आमी दोघं उरलो. दोघं समोरासमोर बसलो की बोलायले काही नसे. चहा झाला का, दिवा लावला का, संपलं. पण बाजार आटोपला की ती गावामागच्या धरणावर जायची, अन् मी संगं. मले गळ टाकता येत नाही, मी नुसता बाजूले बसायचो. पाण्याकडं तोंड करून बसली की ती बोलायची. तिचा बाप कसा मेला, मोठीच्या सासूनं काय टोमणा मारला, मी पंचविशीत कसा मूर्ख होतो. दोरीले बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत राहायची अन् हिचं तोंड चालू. आमचा संसार घरात कमी अन् त्या काठावर जास्त झाला, असं म्हटलं तरी चालते.

मंग धरण मासेमारीच्या ठेक्यानं गेलं. ठेकेदारानं पाण्यात माशायचं बी सोडलं, काठानं तार ओढली, चौकीदार बसवला. चौकीदारानं आमाले पहिल्याच दिवशी उठवलं. तिनं काठी गुंडाळली अन् माझ्या पुढं चालत घरी आली.

मागच्या वर्षी त्याच ठेकेदारानं मासे धरायची स्पर्धा ठेवली. पहिल्या नंबराले ट्रॉफी, अन् वर्षभर काठावर बसून गळ टाकायचा पास. तिनं बाजारात ऐकलं अन् मेथीच्या जुड्या अर्ध्यात सोडून माझ्याकडं आली.

"ट्रॉफी त्याईले ठेवू द्या," ती म्हणाली, "मले पास पायजे."

नाव लिहायले ठेकेदाराचा भाचा बसला होता. शहरात शिकलेला, डोळ्यावर काळा चष्मा. त्यानं तिच्याकडं न पाहता विचारलं, "आजी, बाबांचं नाव सांगा."

"बाबाले गांडूळ धरता येत नाई, मासा काय धरते. माहं लिही."

मी तिथंच उभा होतो. मले राग नाही आला. खरं होतं ते.

स्पर्धेच्या दिवशी पोहरादेवीच्या यात्रेवानी गर्दी. आसेगावचा एक गडी आमच्या बाजूले बसला होता, चकरीवाली महागाची काठी घेऊन. आमच्याजवळ बांबूची. भाच्यानं माइक हातात घेतला अन् नियम सांगितले. एकानं एकच काठी टाकायची. मासा बाहेर काढताना दुसऱ्यानं हात लावला तर बाद. अन् शेवटचा नियम असा सांगितला: "चार वाजता मासा काट्यावर पाहिजे. चारच्या नंतरचा धरला जाणार नाही."

आता आमच्याकडं गळाच्या टोकाले जो आकडा असते, त्याले काटा म्हणतात. तिचा बाप म्हणे, ती म्हणे, काठावर बसणारा एकूणएक माणूस म्हणे. मासा काट्यावर आला म्हंजे मासा लागला. तिनं पक्कं करायले आसेगाववाल्याले इचारलं, "म्हंजे चार वाजेपर्यंत लागला पायजे ना, भाऊ?"

"व्हय आजी," तो म्हणाला. "शेवटल्या मिनिटाले लागला तरी चालते."

दुपारपर्यंत तिले काही लागलं नाही. कणकेत सरकीची ढेप अन् बडीशेप मळून आणली होती, ती बारीक मासे टोचून टोचून खाऊन गेले. आसेगाववाल्याले दोन मिळाले, तो खूश होऊन ठेकेदाराच्या तंबूकडं निघून गेला. ती हलली नाही. चार वाजायले थोडा वेळ असताना मोरपिसाची काडी एकदम खाली गेली. तिनं झटका दिला अन् बांबू वाकला. मी पाह्यलं, तिचा चेहरा माझ्या ओळखीचा राह्यला नाही. लग्नातही एवढी खूश नव्हती.

तंगूस बारीक. जोर लावला की तुटते. तिनं त्याले हिंडू दिलं. तो आत गेला की ती काठी झुकवायची, दमला की जवळ घ्यायची. मी मासा झेलायची झोळी घेऊन उठलो.

"हात नका लावू."

"नाई लावत."

"झोळी बी खाली ठेवा. लोक पाहून राह्यले."

मी झोळी खाली ठेवली अन् दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलो. चारची शिट्टी वाजली. लोक काठ्या गुंडाळून तंबूकडं पळू लागले. मी तिच्याकडं पाह्यलं.

"आपला लागला हाय ना?" ती म्हणाली. "मंग पळू कायले?"

अन् तिनं सावकाश, जसा काढायचा तसा, तो मासा काढला. रोहू होता. लेकरू उचलावं तसा दोन्ही हातानं छातीशी धरून, पदर ओला, पायात चप्पल नाही, अशी ती तंबूपर्यंत चालत गेली. काठीलेही मी मागून हात लावला नाही, तीही तिच्याच खांद्यावर होती. नियम म्हंजे नियम.

भाचा म्हणाला, "आजी, टाइम संपला."

"टायमाच्या आंधीच काट्यावर आला. पाह्य ना, काटा अजून तोंडात हाय."

त्यानं टेबलावरच्या वजनाच्या यंत्रावर बोट वाजवलं. "तो काटा नाही आजी. हा काटा."

हसले सगळे. ती एकदा यंत्राकडं पाहे, एकदा माशाच्या तोंडाकडं. मले वाटते तिले कळायले थोडा वेळ लागला. मंग म्हणाली, "वजनकाटा म्हणायचं होतं मंग."

"काटा म्हणजे काटाच ना. तुम्ही तर भाजी विकता, तुम्हाले माहीत पाहिजे."

भाजी आमी तराजूनं विकतो. वावरात काटा म्हंजे बाभळीचा, मार्केट यार्डात काटा म्हंजे ट्रक तोलायचा, अन् पाण्यावर काटा म्हंजे काटा. मासे धरायच्या स्पर्धेत उभं राहून माइकवर बोलणाऱ्याले एवढं समजत नसेल तर त्यानं वांगी विकावी. हे मी त्याले बोललो. त्यानं ऐकलं नाही. मी आसेगाववाल्याले म्हणालो, "तू सांग, तूच म्हणाला होता ना?" तो बादलीत हात धूत होता. म्हणाला, "मी तं लवकर आलो होतो बाबा. मले काय माहीत."

त्याचाच पहिला नंबर आला. पास त्याले मिळाला. आसेगावाहून इथं वर्षभर कोण येते गळ टाकायले?

मंग मजा म्हणून त्यायनं तिचा मासा तोलला. पहिल्या नंबराच्या माशापेक्षा जड निघाला. भाच्यानं माइकवर सांगितलं, "स्पर्धेबाहेरचा सर्वात मोठा मासा," अन् टाळ्या वाजवल्या लोकायनं. मासा उचलून त्यानं फोटो काढून घेतला. धरलेले मासे ठेकेदाराचे, असाही एक नियम होता, तो मासा उचलायच्या वेळेस सांगितला.

"माहा काटा द्या," ती म्हणाली. तिनं दोन बोटं माशाच्या तोंडात घालून काटा सोडवला, पदराले पुसला अन् कमरेच्या पिशवीत टाकला. तेव्हाही लोक हसले.

बाजारात तिचं नाव काटा आजी पडलं. "चार वाजले का वो, काटा आजी?" बाया सांबार निवडता निवडता इचारायच्या. ती तोलून द्यायची अन् पैसे घ्यायची. बाजार करून आमी सरळ घरी येऊ लागलो. एकदा तिनं धरणाच्या भिंतीवर चढून पाह्यलं. काठावर कोणीच नव्हतं. एवढं मोठं पाणी अन् तारेच्या आत एक माणूस नाही. ती बराच वेळ पाहत राह्यली. मी म्हणालो, "बोल ना काही." ती म्हणाली, "काय बोलू?"

थंडीत ती गेली. स्पर्धेनं मेली असं मी म्हणत नाही, तिले शुगर होती, डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं. पण आमच्या जवळ जे महिने होते ते आमी घरात बसून काढले, तोंडं मिटून. ते महिने मले काठावर पायजे होते. ते कोणी भरून देते का?

यंदा पुन्हा स्पर्धेचा भोंगा गावातून फिरला. मी वाफ्यात होतो. "चार वाजेपर्यंत मासा तंबूतल्या वजनकाट्यावर आणून ठेवावा," असं तो भोंगा म्हणाला. पुन्हा पुन्हा म्हणाला. मी खुरपं ठेवलं अन् चालत धरणावर गेलो.

भाच्यानं मले ओळखलं. खुर्ची दिली. आजीचं कळलं म्हणाला, वाईट झालं म्हणाला.

"शब्द बदलला तुमी," मी म्हणालो.

"हो ना बाबा. मागच्या वर्षी गोंधळ झाला होता, म्हणून क्लिअर केलं."

"मंग मागच्या वर्षी चूक कोणाची होती?"

"चूक अशी कोणाचीच नव्हती."

मी बसून राह्यलो. त्याले बरं वाटेना. मंग म्हणाला, "असं करू बाबा, आजीच्या आठवणीत एक पास तुम्हाले देऊन टाकू. मी माइकवर सांगतो. लोकायले बरं वाटेल."

"तिच्या नावाचा हाय तं तिलेच दे नेऊन."

"आता तिले कुठं देऊ बाबा?"

"थेच मी इचारून राह्यलो."

त्यानं पास टेबलावर ठेवला अन् तो दुसऱ्या माणसाकडं वळला. मी उचलला नाही. मले गळ टाकता येत नाही. माझं काम बाजूले बसायचं होतं.